शेंडी ते शेंडी

कॉमर्सच्या पदवीनं माणसाचं फारसं भलं होत नाही. पण एक खोड मात्र लागते ती जन्मभर पुरते. कुठलीही गोष्ट दिसली की आधी तिची सुरुवातीची शिल्लक बघायची, मग अखेरची. दोन्ही सारख्या निघाल्या तर मधे काही घडलंच नाही, असं आमचं शास्त्र सांगतं. या शास्त्राप्रमाणे पाहिलं तर प्रदक्षिणा हा जगातला सर्वांत निरर्थक व्यवहार ठरतो. जिथून निघायचं तिथंच यायचं! देवळात आपण हे करतो तेव्हा कुणी खुलासा मागत नाही, कारण तो जमाखर्च देवाच्या वहीत होतो. शिवाजी पार्कच्या कट्ट्याला संध्याकाळी फेऱ्या घालणाऱ्यांनाही कुणी विचारत नाही. त्यांचा जमाखर्च रक्तातल्या साखरेच्या रिपोर्टात होतो. घाण्याचा बैल तर विचारण्याच्या पलीकडे गेलेला असतो, आणि त्याच्या फेऱ्यांतून निदान तेल तरी निघतं.

पण एखादा धडधाकट, निवृत्तीला अजून बरीच वर्षं असलेला गृहस्थ शनिवार-रविवारला सोमवारची किरकोळ रजा जोडतो, पाठीवर बिऱ्हाड घेतो, एका तलावाभोवती चाळीस-पंचेचाळीस किलोमीटर चालतो आणि निघाला होता त्याच गावात परत येतो, याचं काय करायचं? डोंगर चढून आलेल्याकडे दाखवायला काहीतरी असतं. कळसूबाई करून आलेला माणूस '१६४६ मीटर' असा आकडा समोर टाकतो आणि मोकळा होतो. तळ्याभोवती फिरून आलेल्याकडे तसा आकडा नसतो. चढला तेवढा उतरला, गेला तेवढा आला. भूमितीच्या दृष्टीनं तो घरातून बाहेर पडलाच नव्हता.

म्हणून हा प्रश्न मी थोडा गंभीरपणे घ्यायचं ठरवलं आहे. ज्या फेरीत कुठं पोचायचंच नसतं, तिच्यातून माणूस काय घेऊन येतो? आणि जे घेऊन येतो, ते त्याचं असतं का?

तलाव म्हणजे भंडारदऱ्याचा. अहिल्यानगर जिल्ह्यातला, अकोले तालुक्यातला. (२०२४ पर्यंत जिल्ह्याचं नाव अहमदनगर होतं. आमच्या बँकेच्या काही फॉर्मांवर अजून आहे.) प्रवरा नदी रतनगडावरून उतरते, आणि चांगली नदी व्हायच्या आतच शेंडी गावापाशी तिला भिंत आडवी येते. भिंतीचं काम १९१० साली सुरू झालं आणि १९२६ साली संपलं. भिंतीला गव्हर्नर लेस्ली विल्सन यांचं नाव मिळालं, मागच्या पाण्याला आर्थरसाहेबाचं. अडवलेल्या प्रवरेला मात्र कुणी काही विचारलं नाही. शेंडीहून निघून पाणी उजव्या हाताला ठेवून चालत राहिलं की मुतखेल, कोलटेंभे, रतनवाडी, साम्रद, घाटघर, उडदावणे, पांजरे, मुरशेत अशी गावं लागतात आणि पुन्हा शेंडी येते. स्वतःलाच शेंडी लावून घेण्याचा इतका सरळ मार्ग महाराष्ट्रात दुसरा नसेल.

निघालो चौघं. आम्ही एकमेकांना नावांनी हाक मारत नाही, खात्यांनी मारतो. कॅश, क्लिअरिंग, लॉकर आणि मी वसुली. यातलं क्लिअरिंग खातं आता पहिल्यासारखं उरलेलं नाही, वसुलीतून मी केव्हाच काउंटरवर आलो, पण नावं चिकटली ती चिकटली. क्लिअरिंगनं दोन तंबू भाड्यानं आणले. तंबू उभारण्याची कृती सहा चित्रांत छापलेली होती. तिसऱ्या आणि चौथ्या चित्राच्या मधे काय होतं हे छापणाऱ्यालाही ठाऊक नसावं. कॅशनं सर्वांकडून आगाऊ वर्गणी घेऊन पावत्या दिल्या. लॉकरनं नेहमीप्रमाणे आपल्या पिशवीत काय आहे ते कुणाला सांगितलं नाही. आमच्या सौभाग्यवतींनी माझ्या पाठपिशवीत माहीमच्या हलव्याचा डबा घातला. "कुणाच्या दारात रिकाम्या हातानं उभे राहू नका," एवढंच म्हणाल्या. जंगलात दार कुठलं आलं, असं तेव्हा माझ्या ओठांवर आलं होतं. पण कसारा लोकल गाठायची होती.

शेंडीला पोचल्यावर क्लिअरिंगनं आम्हाला राघोजी भांगऱ्यांची गोष्ट सांगितली. राघोजी याच अकोले तालुक्यातले, देवगावचे, महादेव कोळी. इंग्रजांच्या विरुद्ध उठले आणि सावकारांच्याही. २ मे १८४८ रोजी त्यांना ठाण्याच्या तुरुंगात फाशी दिलं. गोष्ट संपल्यावर चौघं जरा वेळ गप्प होतो. मग वाटेत कुणी विचारलंच तर 'मुंबईला नोकरी करतो' एवढंच सांगायचं, कुठं ते सांगायचं नाही, असं एकमतानं ठरलं.

शेंडीहून रतनवाडीला नावेनंही जाता येतं. कॅशनं लगेच दोन्हींचा खर्च मांडून दाखवला. तेव्हा लॉकरनं पहिल्यांदा तोंड उघडलं. नर्मदेची परिक्रमा करणारा नदी ओलांडत नाही, म्हणाला. ओलांडली की परिक्रमा मोडली. मला हा नियम नेहमी नुसता कर्मठपणा वाटायचा. पण धरणाशी उभं राहून समोर पाहिलं आणि त्यातली व्यवहारबुद्धी ध्यानात आली.

शेंडीतून पलीकडचा किनारा फार सुंदर दिसतो. निळे डोंगर, खाली हिरवी रेघ, त्या रेघेत दोन-चार ठिपके. ठिपके म्हणजे गावं. आता 'पलीकडे' हा शब्दच मोठा लबाड आहे. तो जागा सांगत नाही, फक्त आपण तिथं नाही एवढंच सांगतो. माहीमकराला हे वेगळं सांगायला नको. आमच्या लहानपणी वांद्रे म्हणजे पलीकडे. मधे नुसती खाडी. पण तिच्यापलीकडचे लोक वेगळं इंग्रजी बोलतात, वेगळे पाव खातात, अशी आमची समजूत होती. पूर्वी ही खाडी होडीनं ओलांडायची, आणि होड्या बुडायच्या. शेवटी लेडी जमशेटजींनी स्वतःचा पैसा घातला आणि १८४५ साली माहीमचा कॉजवे उघडला. त्यावर टोल घ्यायचा नाही अशी त्यांची अट होती असं सांगतात. २००९ साली त्याच पाण्यावरून सी-लिंक झाला. त्याला मात्र टोल आहे. पलीकडे जाण्याची किंमत दीडशे वर्षांत वाढलेली दिसते.

माझा उभा जन्म तर पलीकडेच्या जोरावर चालला आहे. बावीस वर्षं मी काउंटरच्या या बाजूला बसतो. या बाजूनं माणसं छातीपासून वर दिसतात. त्यांना पाय असतात, आणि ते दुखतात, हे जेवणाच्या सुट्टीत बाहेर पडल्यावर दिसतं. एकदा नोव्हेंबरात वडिलांचा हयातीचा दाखला द्यायला मी एका बँकेच्या रांगेत उभा राहिलो. पाऊण तासानं खिडकीशी पोचलो, तर आत माझ्यासारखाच एक माणूस छातीपासून वर बसलेला. तो वाईट नव्हता. वडील माझ्या शेजारी जिवंत उभे होते आणि तो संगणकाकडे बघून त्यांची हयात तपासत होता, इतकंच. मीही तेच करतो. पण काचेच्या दुसऱ्या बाजूनं ते कसं दिसतं हे कळायला काउंटरला वळसा घालून यावं लागलं.

नावेनं सरळ पलीकडे गेलं की मधला वळसा चुकतो. वळशातच तर पलीकडेचं हळूहळू अलीकडे होतं. आम्ही चालत निघालो.

जंगल, जंगल म्हणून जे आम्ही मुंबईहून पाहायला आलो होतो त्यात दर तासा-दीड तासानं माणसं भेटत होती. इथलं रान १९८६ पासून कळसूबाई-हरिश्चंद्रगड अभयारण्य म्हणून नोंदलेलं आहे. पण त्या नोंदीच्या कितीतरी आधीपासून महादेव कोळी आणि ठाकर इथं राहत आलेले आहेत. हिरडा वेचणाऱ्या बाया, भाताच्या पेंढ्याचे भारे, शाळेतून परत येणारी पोरं. एका पोरानं विचारलं, "गाडी बंद पडली का?" चालत चाललोय म्हटल्यावर त्याच्या चेहऱ्यावर आमच्याविषयी खरीखुरी काळजी दिसली.

रतनवाडीला पोचेपर्यंत ऊन उतरलं होतं. तिथलं अमृतेश्वराचं देऊळ शिलाहारांच्या काळचं. दगडात इतकं बारीक काम की कॅशसुद्धा पाच मिनिटं काही मोजत नव्हता. देवळातून बाहेर आलो आणि पाण्याकडे तोंड करून उभा राहिलो. सकाळी सोडलेली बाजू आता समोर होती. निळे डोंगर, खाली रेघ, रेघेत ठिपके. शेंडीतली हॉटेलं, गाड्यांचे भोंगे, शौचालयापुढची रांग, सगळं त्या निळ्यात गडप झालेलं. लांबून पाहिलं की कुठलीही बाजू सुंदरच दिसते, आणि त्यात आपण मघाशी काय सोसलं ते दिसत नाही.

डिसेंबरचे दिवस. भातं कापून झाली होती. तंबू ठोकण्यासाठी आम्ही एका मावशीकडे तिच्या खाचरात जागा मागितली. ती हो म्हणाली आणि उंबऱ्यात बसून आमचा तिसऱ्या-चौथ्या चित्राशी चाललेला झगडा पाहू लागली. अर्ध्या तासानं तंबू उभा राहिला, जरासा कळसूबाईकडे झुकून.

"मुंबईला घर नाही का तुम्हाला?" तिनं विचारलं.

"आहे की, मावशी."

"पक्कं?"

"पक्कं."

"मंग असं कापडात कशाला निजायचं?"

प्रश्न चोख होता. कॅश म्हणाला, "मजा म्हणून."

मावशीनं त्यावर नीट विचार केला. मग म्हणाली, "पावसात घर गळतं तव्हा आम्ही बी ताडपत्रीखाली निजतो. पर मजा नाही येत, भाऊ."

बोलण्यात टोमणा नव्हता. एखादी माहिती दुरुस्त करून द्यावी तसं ती बोलली. आमच्यापैकी कुणालाच पुढं काही सुचेना, म्हणून मी हलव्याचा डबा काढला. माहीमचा हलवा म्हणजे पातळ चौकोनी पत्रे आणि मधे कागद. मावशीनं एक उचलून उजेडात धरला. "ह्यातलं खायाचं कोणतं? हे का कागद?" माहीमचा म्हणून असा प्रश्न मला आजवर कुणी विचारला नव्हता, पण निःपक्षपातीपणे पाहिलं तर शंका रास्त होती. तिनं खाल्ला, नातवंडांना दिला आणि बदल्यात नागलीची भाकरी नि ठेचा आणून ठेवला. "साखर लई घालता," म्हणाली.

लॉकर पाण्याकडे बघत भारावून म्हणाला, "मावशी, दारात एवढं पाणी! नशीब लागतं."

"मे महिन्यात या," ती म्हणाली. "पाणी पार खाली जातं. मंग आम्ही हंडे घेऊन त्याच्या मागं जातो."

"जातं कुठं पण?"

"खाली. उसाला."

रात्री तंबूत पडलो. झोप येईना. थंडी होतीच, पण खरं म्हणजे डोक्यात खातेवही उघडली होती. या तलावात अकरा टीएमसी पाणी मावतं. म्हणजे अकराशे कोटी घनफूट. ते प्रवरेतून आणि कालव्यांतून संगमनेर, श्रीरामपूर, राहुरीकडे जातं. तिकडचा मुलूख दुष्काळाचा होता. हे पाणी मिळालं नसतं तर तिकडच्या माणसांना कोणत्या परिक्रमा कराव्या लागल्या असत्या ते सांगायला नको. पाण्यावर ऊस आला. उसावर १९५० साली प्रवरानगरचा सहकारी साखर कारखाना उभा राहिला. साखर पोत्यांतून साऱ्या महाराष्ट्रात गेली, आणि काही पोती माहीमलाही आली असतील. म्हणजे मावशीच्या दारातलं पाणी ऊस होऊन, साखर होऊन, हलवा होऊन, कागदात बसून, कसारा लोकलनं तिच्या दारात परत आलं होतं. आणि आणणारा मी मात्र भेट दिल्याच्या ऐटीत होतो!

एकदा असं खातं उघडलं की मिटत नाही. ज्या लोकलनं आलो तिच्या वाटेवरच शहापूर तालुका. तिथलं तानसा धरण १८९२ सालचं, त्याच अंगाला वैतरणेवरचं मोडकसागर १९५७ सालचं. माहीमला आमच्या नळाला पहाटे जे पाणी येतं ते त्या बाजूनं येतं. आणि उन्हाळा आला की त्याच शहापूर तालुक्यात टँकर फिरत असल्याच्या बातम्या येतात. आम्ही त्या चहा पिता पिता वाचतो. चहाही त्याच पाण्याचा असतो. मुळशीच्या शेतकऱ्यांनी १९२१ साली जमिनी बुडू नयेत म्हणून सत्याग्रह केला. त्यातूनच बापटांना 'सेनापती' हे नाव मिळालं. धरण झालंच, आणि त्याची वीज मुंबईकडे आली. यातलं काहीच मी केलेलं नाही. माझा जन्मही झालेला नव्हता. पण नळ मी सोडतो, दिवा मी लावतो, आणि हलवा मी खातो.

तळ्याकाठच्या मुक्कामाचा जगातला सर्वांत प्रसिद्ध हिशेब अमेरिकेतल्या थोरोसाहेबांचा. माहीमचा कॉजवे ज्या १८४५ साली उघडला त्याच वर्षीच्या जुलैत हे गृहस्थ मॅसॅच्युसेट्समधल्या वॉल्डन नावाच्या तळ्याकाठी झोपडी बांधून राहायला गेले. दोन वर्षं, दोन महिने आणि दोन दिवस राहिले. झोपडीचा खर्च त्यांनी पुस्तकात बाबवार छापला आहे. खिळ्यांचे तीन डॉलर नव्वद सेंट, खडूचा एक सेंट, एकूण अठ्ठावीस डॉलर साडेबारा सेंट. इतका स्वच्छ ताळेबंद लिहिणारा तत्त्वज्ञ मला दुसरा ठाऊक नाही. बँकेत असते तर हेडकॅशियर झाले असते. पण एक बाब त्यात नाही. जागेचं भाडं. कारण जागा मित्राची, एमर्सनची होती. मात्र माणूस सचोटीचा. त्याच पुस्तकातल्या एका प्रकरणात त्यांनी त्या रानात आपल्या आधी राहून गेलेल्यांवर लिहिलं. त्यांत पूर्वी गुलाम असलेली माणसंही होती. ज्याला आपण एकांत म्हणतो ते कुणाचं तरी रिकामं झालेलं घर असतं, हे या एकांतवाल्यानं पायी हिंडून शोधून काढलं. हिशेबातली सुटलेली बाब त्यानं निदान वहीत लिहिली.

तर प्रश्न असा. ज्या पाण्याखाली कुणाची तरी शेतं गेली, आणि ज्याच्या काठची माणसं उन्हाळ्यात हंडा घेऊन त्याच्यामागं जातात, ते पाणी आपण सुट्टीत जाऊन सुंदर म्हणून पाहावं का?

एक उत्तर असं की जाऊच नये. हे उत्तर दिसायला मोठं सात्त्विक आहे आणि पाळायला फार सोपं. घरी बसायचं, पंखा लावायचा, नळाचं पाणी प्यायचं. मावशीला त्यानं काही मिळत नाही. फक्त तिचं तोंड पाहावं लागत नाही.

दुसरं उत्तर असं की जावं आणि पैसे टाकावेत. यात तथ्य आहे. हल्ली तलावाकाठी तंबूंच्या रांगाच्या रांगा लागतात. काजव्यांच्या दिवसांत, मेअखेर ते जूनच्या मध्यापर्यंत, तर रात्री गाड्यांची अशी गर्दी होते की काजव्यांना दिसत असतील ते फक्त हेडलाइट. त्या पैशातला काही गावात राहतोही. पण पैसे टाकले की पावती मिळते, आणि पावती मिळाली की आपलं देणं संपलं असं माणसाला वाटतं. कर्णे लावून नाचणारा माणूस वाईट नसतो. त्यानं पैसे भरलेले असतात एवढंच.

तिसरं उत्तर, जावं आणि लाजावं. हे आम्हा मध्यमवर्गीयांना फार मानवतं. पण खालमानेनं बसलेला पाहुणा यजमानाला जड होतो. त्याला भाकरी वाढायची, वर त्याची समजूतही घालायची! मावशीला तेवढा वेळ नव्हता.

चौथं उत्तर मला वसुली खात्यानं दिलं. तिथं मी सहा वर्षं काढली. कर्ज थकलं आणि तीन वर्षं काहीच झालं नाही की ते मुदतबाह्य होतं. म्हणजे कर्ज असतं, पण ते मागायला कोर्टात जाता येत नाही. अशा वेळी बँकेचा माणूस मुदत संपायच्या आत एक कागद घेऊन ऋणकोच्या दारात जातो. कागदावर एवढंच असतं की, होय, हे कर्ज माझ्या नावावर आहे. तो त्यावर सही करतो. १९६३च्या मुदत कायद्याचं अठरावं कलम सांगतं, की त्या सहीपासून मुदत पुन्हा नव्यानं सुरू होते. सही केल्यानं कर्जाचा एक पैसा फिटत नाही. पण कर्ज जिवंत राहतं.

या सहा वर्षांत मी सगळ्या तऱ्हा पाहिल्या. दार न उघडणारे पाहिले. "आत्ताच बाहेर गेले" असं स्वतःच आतून ओरडणारे पाहिले. आणि खिशात दमडी नसताना शर्ट घालून, पाट मांडून, चष्मा पुसून सही करणारेही पाहिले. या शेवटच्यांनी किती फेडलं ते सोडा. पण त्यांच्या दारातून परतताना मला कधी लाज वाटली नाही, आणि त्यांनाही वाटली नसावी.

तळ्याची फेरी मला अशी सही वाटते. १९२६ सालचं हे कर्ज तीन वर्षांच्या हिशेबानं १९२९ सालीच मेलं असतं. कायद्यानं मेलंही असेल. ते जिवंत ठेवण्याचा एकच मार्ग दिसतो: ज्यानं पाणी प्यालं त्यानं अधूनमधून पाण्याच्या चारी बाजूंना जाऊन यावं. लेक व्ह्यूच्या खोलीत बसून नाही आणि नावेतून सरळ जाऊनही नाही. ज्या ठिपक्याला काल आपण देखावा म्हटलं त्या ठिपक्यात आज भाकरी खाऊन यावं. कर्ज किती आणि कुणाचं, ते तिथंच कळतं.

यावर आक्षेप आहे, आणि तो क्लिअरिंगनं दुसऱ्या रात्री पांजऱ्याला शेकोटीशी घेतलाच. तो म्हणाला, "वसुली, कबुली दिली की बरं वाटतं. बरं वाटलं की माणूस फेडायचं विसरतो. तुझं हे कलम ऋणकोच्याच सोयीचं आहे." मुद्दा बिनतोड होता. मी एवढंच म्हटलं, की म्हणूनच कबुलीची मुदत तीनच वर्षं ठेवलेली आहे. एका सहीवर जन्म काढता येत नाही. पुन्हा कागद घेऊन कुणीतरी यावं लागतं, किंवा आपण जावं लागतं. क्लिअरिंग बराच वेळ निखारे उलटत राहिला. मग म्हणाला, "म्हणजे तीन वर्षांनी पुन्हा तो तंबू उभारायचा?" कॅशनं वहीत तारीख लिहून घेतली.

बाकी हिशेब सांगायचा तर तोही सांगतो. मावशीला आम्ही खाचराचे आणि जेवणाचे पैसे दिले. जेवणाचे तिनं ठेवून घेतले, खाचराचे परत केले. "निजल्याचे कसले पैसे?" म्हणाली. वास्तविक माहीममध्ये निजल्याचेच पैसे पडतात, आणि ते भरता भरता माणसाची झोप उडते; पण ते तिला कसं समजावणार? हलव्याचे कागद तिच्या धाकट्या नातवानं वहीला कव्हर घालायला ठेवून घेतले. डबा रिकामा परत आणायचा नाही असा तिचाही नियम असावा, कारण त्यात तिनं मूठभर तांदूळ घातले. आता रतनवाडीला मे महिन्यात एकदा जायचं आहे. तिनं बोलावलंच आहे म्हणा. सौभाग्यवतीही येईन म्हणाल्या आहेत, पण तंबूत झोपणार नाहीत.

तिसऱ्या दिवशी मुरशेत मागं टाकून शेंडीत शिरलो तेव्हा दुपार झाली होती. चौघांचे मिळून आठ पाय, त्यांतले पाच धड होते. पहिल्या दिसलेल्या टपरीवर बसलो आणि चार चहा सांगितले. टपरीवाल्यानं आमच्या पिशव्या आणि बूट पाहून विचारलं, "लांबून आलेले दिसताय. कुठून?"

"शेंडीहून," मी म्हटलं.

त्यानं गाळणी हातात धरून माझ्याकडे पाहिलं. "शेंडीतच आहात की, साहेब."

"हो," मी म्हटलं, "पण मागच्या दारानं आलोय."

तो हसला आणि चार कपांत चहा ओतला. मग डब्यातून साखरेचा चमचा काढून, माझ्या कपावर धरून थांबला. "किती घालू?"

"अर्धाच," मी म्हटलं.